झाडाचा सरस

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी आणतो, तिला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच लक्ष्मीकडून वर्षभर घरचा केर काढून घेतो. या प्रथेत मोठा विनोद आहे आणि मोठे शहाणपणही आहे, असे मला नेहमी वाटते. लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी. समुद्रमंथनात ती आधी बाहेर आली आणि लक्ष्मी मागून, अशी पुराणातली कथा. जुन्या घरांतून त्या उत्तररात्री सूप वाजवून, केरसुणी फिरवून या थोरल्या बहिणीला हाकलून देत असत. हाकलल्यावर ती जाते कुठे, असे मी लहानपणी आजीला विचारले होते. "वेशीबाहेर," एवढेच उत्तर मिळाले. वेशीबाहेर कोण राहते, ते तेव्हा मला कळत नव्हते.

हे सारे आठवायला यंदा एक निराळेच निमित्त झाले. माझा एक जुना विद्यार्थी रसायनशास्त्राच्या मोठमोठ्या परीक्षा देऊन लाकडाच्या धंद्यात शिरला आहे. प्लायवुडला लागणारा चिकट पदार्थ, म्हणजे सुतारांच्या भाषेत सरस, लाकडाच्याच टाकाऊ भागापासून कसा करता येईल, याच्या तो मागे आहे. गणपतीला गावी आला तेव्हा दोन तास ओटीवर बसून त्याने मला ते समजावून सांगितले. माझे शास्त्र मॅट्रिकपाशीच थांबलेले. पण मुलगा शिकवण्यात हुशार निघाला. उठता उठता म्हणाला, "सर, आणखी वीस वर्षांनी टाकाऊ हा शब्दच तुम्हाला शब्दकोशातून काढून टाकावा लागेल."

ते ऐकून मला आनंद झाला, आणि तो गेल्यावर थोडी भीतीही वाटली. ती का वाटली, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी झाड उभे कशाच्या जोरावर राहते ते पाहू. लाकूड म्हणजे बारीक तंतूंची मोळी. तंतू सेल्युलोजचे, म्हणजे कापूस ज्या द्रव्याचा असतो त्याचेच. तेवढेच असते तर झाड कापसाच्या पेळूसारखे जमिनीवर लोळत पडले असते. त्या तंतूंना एकमेकांशी जखडणारे आणि ताठा देणारे जे द्रव्य, त्याला लिग्निन म्हणतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने १८१३ साली, लाकूड या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पाडले. लाकडाच्या वजनात शंभरातले वीस ते तीस भाग या लिग्निनचे असतात. म्हणजे झाडाने आपल्यापुरता सरस आपणच तयार केलेला आहे. आणि तो असा, की साग शंभर पावसाळे उभ्याने सोसतो, तरी त्याचा एक सांधा सुटत नाही.

कागद करायचा म्हणजे नेमका हा सरस काढून टाकायचा. लाकडाच्या किंवा बांबूच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या पाण्यात दाबाखाली शिजवतात. लिग्निन विरघळते, तंतू मोकळे होतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत निघालेली ही रीत. आजही जगातला बहुतेक रासायनिक लगदा तिनेच होतो. मागे उरतो तो काळा, दाट द्राव. तो आटवून भट्टीत जाळतात. त्यावर वाफ होते, कारखाना चालतो, क्षारही परत मिळतात. पूर्वी असले द्राव नदीत सोडून देत, त्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.

आता गंमत पाहा. एका कारखान्यात झाडाचा सरस मोठ्या खटपटीने काढायचा आणि जाळायचा. आणि दुसऱ्या कारखान्यात तसल्याच झाडाचे पापुद्रे किंवा भुसा एकत्र धरून ठेवण्यासाठी खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्यापासून केलेला सरस विकत आणायचा. परसातली विहीर बुजवून दाराशी टँकर बोलवावा, तसा हा प्रकार आहे. माझा विद्यार्थी या दोन कारखान्यांमध्ये वाट पाडू पाहतो आहे. त्याचे काम एवढेच, आणि ते थोडे नाही.

आपल्या घरांना चिकटपणाची ओळख अगदी साधी होती. आकाशकंदिलाला मैद्याची खळ. तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकला की झुरळे फिरकत नसत. पाकिटाला बाभळीचा डिंक. सुतार वापरी तो सरस जनावरांच्या हाडाकातड्यांचा. तो चुलीवर उकळू लागला की आळीभर वास सुटे. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आला आणि मग हा सरस हळूहळू मागे पडला. त्या जुन्या वासाबद्दल हळहळणारे लोक मला अधूनमधून भेटतात. त्यांनी तो डबा स्वतः ढवळलेला नसतो.

पण दोन फळ्या जोडण्याचा सरस वेगळा, आणि ज्याने मुळात फळीच बनते तो वेगळा. प्लायवुड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ या नावांनी जे सामान आज आपल्या घरात येते, त्यातल्या पुष्कळशा मालाला धरून ठेवणारी राळ युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांची असते. युरिया म्हणजे शेतात घालतो तोच. फॉर्माल्डिहाइड हा वायू. तो पाण्यात विरघळवला की त्याला फॉर्मलिन म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील बरणीत बेडूक वर्षानुवर्षे ज्यात तरंगत असतो, ते हेच. ही राळ स्वस्त, रंगाने फिकी आणि झटपट धरणारी. पण तिला एक खोड आहे. ऊब आणि दमटपणा लागला की ती थोडी थोडी उलगडते आणि तिच्यातला वायू हवेत येत राहतो. माल नवा असतो तेव्हा जास्त, पुढे कमी कमी. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा वायू माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला.

मी एका शाळेत होतो, तिथे मे महिन्याच्या सुट्टीत वाचनालयाला नवी कपाटे आली. गुळगुळीत, सागाच्या रंगाची, मोठी देखणी. जून महिन्यात, पाऊस लागल्यावर खोली उघडली, तेव्हा पाचवीतली एक मुलगी डोळे चोळत म्हणाली, "सर, इथे कोणी कांदा चिरलाय का?" आम्ही खिडक्या उघडल्या आणि पावसाळाभर उघड्याच ठेवल्या; पुस्तके भिजायची ती भिजली. ज्याने कपाटे पुरवली होती त्याचे म्हणणे, नवा माल आहे, वास येणारच. त्या फळ्यांत नेमके काय होते, हे आम्हाला कोणी तपासून सांगितले नाही, आणि ते कोणाला विचारायचे असते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

जिथे विचारणारे भेटले तिथली एक हकीकत आहे. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळाने बेघर झालेल्या हजारो कुटुंबांना सरकारने चाकांवरची घरे दिली. आतून ती अशाच फळ्यांची होती. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, मुलांना खोकला लागला. पुष्कळ तक्रारींनंतर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने अशा ५१९ घरांची हवा तपासली. त्यात या वायूचे प्रमाण सरासरी अब्जात ७७ भाग निघाले. उन्हाळा लागण्यापूर्वी माणसे तिथून हलवा, असा सल्ला २००८ साली द्यावा लागला. ज्यांना एकदा पाण्याने घराबाहेर काढले, त्यांना दुसऱ्यांदा हवेने काढले.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याचा उद्योग मला मोलाचा वाटतो. कागदाच्या कारखान्यातल्या त्या काळ्या द्रावात कार्बन डायऑक्साइड सोडला की लिग्निन वेगळे होऊन बसते. नासलेल्या दुधातला चोथा बसावा, तसे. ते गाळून, धुऊन, वाळवले की तपकिरी भुकटी हाती येते. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी ही रीत बसवली. २०१३ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील प्लिमथ येथे आणि २०१५ साली फिनलंडमध्ये कोटका गावच्या सुनिला कारखान्यात ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. सुनिलाची ताकद वर्षाला ५०,००० टनांची. प्लायवुडच्या दुसऱ्या, पाण्याला न भिणाऱ्या जातीच्या राळेत युरियाऐवजी फिनॉल असते, आणि ते खनिज तेलातून येते. लिग्निनची घडण फिनॉलच्याच गोत्रातली. तेव्हा फिनॉलच्या जागी ही भुकटी घालायची, अशी ही युक्ती आहे.

गोत्र जमले तरी सगळे गुण जुळत नाहीत. फिनॉलच्या मानाने लिग्निन आळशी. फॉर्माल्डिहाइडशी हात मिळवायला त्याच्याजवळ जागा कमी. म्हणून साधारणपणे निम्म्यापर्यंत फिनॉल काढून त्याला बसवतात, त्यापुढे फळी कच्ची राहू लागते. आणि हेही नीट ध्यानात घ्यावे, की फॉर्माल्डिहाइड या राळेतही लागतेच. ही जात युरियाच्या जातीपेक्षा वायू पुष्कळच कमी सोडते, हे खरे आहे. पण 'झाडापासून केलेला' म्हणजे निर्दोष, असे समजणाऱ्याने एकदा धोतऱ्याचे बी आठवावे. तेही झाडापासूनच केलेले असते.

(जाता जाता एक गोड गोष्ट. आइस्क्रीमला आणि केकला घालतात त्या व्हॅनिलाच्या वासाचे द्रव्यही लिग्निनपासून काढता येते, आणि नॉर्वेतल्या एका कारखान्यात ते स्प्रूसच्या लाकडापासून आजही काढतात. दिवाळीच्या फराळाला आपण अजून वेलदोड्यावरच आहोत, ते बरे आहे.)

मला भीती वाटली ती रसायनाची नव्हे. भीती वाटली त्या वाक्याची. टाकाऊ असे काही उरणारच नाही, या वाक्याची.

माझ्या आजीच्या घरी भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्याला खाली बाजूने भोक. मध्ये एक बाटली उभी धरायची, भोकातून एक दांडका आडवा घालायचा आणि भोवती वखारीतला भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली आणि दांडका अलगद काढले की आत बोगदा तयार. खालून काडी लावली की तासन्‌तास मंद आच. भरण्यात कसब होते. सैल भरला तर सगळा डोलारा कोसळे आणि घरभर धूर होई. आजीच्या हातचा कधी कोसळला नाही. हा भुसा वखारवाल्याच्या लेखी टाकाऊ होता. पोते घेऊन जायचे, चार नाणी टेकवायची, कधी तीही नाहीत. उलट जागा मोकळी केली म्हणून तोच खूश. सालीचे तुकडे, ढलप्या वेचायला बायका येत, त्यांना कोणी हटकत नसे.

पुढे भुशाला भाव आला. त्याच्या कांड्या पाडून बॉयलरसाठी 'पांढरा कोळसा' म्हणून विकू लागले, फळ्यांचे कारखाने तो ट्रकने उचलू लागले. वखारीला कुलूप लागले. यात कोणी कोणाचे चोरले नाही. वखारवाल्याचा भुसा, त्याने विकला. तरीपण ज्या दिवशी ती वस्तू टाकाऊ राहिली नाही, त्या दिवशी ती आजीची राहिली नाही, हेही तितकेच खरे.

माझा विद्यार्थी इथे म्हणेल, सर, तुम्हाला आजींच्या डोळ्यांतला धूर दिसत नाही का? दिसतो. धुराने तिची एका डोळ्याची नजर अधू झाली, असे आमच्या घरात सर्वांचेच मत होते. भुशाची शेगडी गेली, हे चांगलेच झाले. पण भुसा गेला त्याच दिवशी सगळ्यांच्या घरी गॅस आला, असे झाले नाही. ज्यांच्याकडे आला नाही त्यांनी त्या मधल्या वर्षांत काय जाळले, हे कोणत्याही हिशेबात धरलेले मी पाहिले नाही. टाकाऊ हा वस्तूचा गुण नाही. तो मालकाच्या नजरेचा गुण आहे. मालकाने नजर काढून घेतली की ती वस्तू कोणाच्या तरी चुलीला लागते, आणि नजर परत वळली की ती चूल विझते. शास्त्र ही नजर वळवते. वळवू नये असे मी म्हणत नाही. पण वळवणाऱ्याने चुलीकडे एकदा पाहावे की नाही, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही म्हणून तो प्रश्नच नाही, असे होत नाही.

आमच्या सिंधुदुर्गात हे काजूच्या बाबतीत रोज पाहायला मिळते. काजूच्या टरफलात जहाल तेल असते. कातडीला लागले तर फोड येतात, डाग पडतात. ते तेल काढून त्यापासून रंग होतात, गाड्यांच्या ब्रेकचे अस्तर होते, आणि राळेत फिनॉलच्या जागीही ते चालते. म्हणजे लिग्निनचे हे काम कोकणातल्या टरफलालाही जमते. पूर्वी जे टरफल जाळून टाकत, ते आता मोजून विकले जाते. आनंदाची गोष्ट आहे. पण काजू फोडणाऱ्या ज्या बाया मला माहीत आहेत, त्या अजून हाताला राख नाहीतर गोडे तेल चोळून बसतात, आणि संध्याकाळी भाकरी थापताना बोटे चुरचुरतात म्हणून सांगतात. त्या तेलाशी त्यांचा संबंध तिघांत सर्वांत जवळचा. मालक आणि व्यापारी त्यांच्यानंतर येतात. टरफलाला भाव आला. बोटांपर्यंत तो अजून पोहोचायचा आहे.

आणखी एक शंका आहे. उरलेल्या वस्तूला भाव आला म्हणजे ती उरलेलीच राहते का? दक्षिण आफ्रिकेत फळ्या चिकटवायला वॉटल नावाच्या बाभळीच्या सालीतला टॅनिन १९७० नंतरच्या दशकात वापरू लागले. राळ चांगली, पाण्याला टिकणारी. पण वॉटलची साल हा काही लाकडाचा उरलासुरला भाग नव्हे. कातडी कमावण्यासाठी सालीकरताच तिची बने लावली गेली. झाड मूळ ऑस्ट्रेलियातले, आफ्रिकेतल्या कुरणांत ते माजले, आणि आपल्या निलगिरीच्या माळांवरही माजले. तिथे साल ही लक्ष्मी आणि गवत ही अलक्ष्मी झाली. मागणी वाढली की माणूस टाकाऊ वस्तूचीही लागवड करू लागतो.

उलट सुनिलाचे पाहा. तो कारखाना आणि त्याच्या कामगारांची घरे अल्वार आल्टो या थोर वास्तुशिल्पीने १९३० नंतरच्या दशकात आखलेली. पाहायला लोक दुरून येतात. जगातला सर्वांत मोठ्या लिग्निन-कारखान्यांपैकी एक तिथे होता. २०२३ साली तिथले लगद्याचे काम कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला, कारण लाकूड महागले. लगदा नाही म्हटल्यावर काळा द्राव नाही, आणि द्राव नाही तर लिग्निन कुठले? उरलेल्या वस्तूचे नशीब असे दुसऱ्याच्या कपाळावर लिहिलेले असते. आधी झाड पडले पाहिजे. झाड पाडायचे की नाही, हा प्रश्न कितीही चांगल्या सरसाने सांधता येत नाही. फार तर पडलेल्या झाडाची बेअदबी कमी होते. तीही मोठीच गोष्ट आहे, हे मी मान्य करतो.

आपल्या भाषेत उरलेल्याला निरनिराळी नावे आहेत. उष्टे, शिळे, केर, भंगार. पण शेष हाही उरलेलाच. सगळे बुडाल्यावर जो उरतो तो शेष, आणि विष्णू त्याच्यावर निजतो. अथर्ववेदात तर उच्छिष्टाचे एक संपूर्ण सूक्तच आहे, त्याची थोरवी गाणारे. नैवेद्यातला उरलेला भाग आपण प्रसाद म्हणून घेतो. पण प्रसादाचा एक नियम आहे, तो दारात आलेल्या सगळ्यांना द्यावा लागतो. माझ्या विद्यार्थ्याने शब्दकोशातून टाकाऊ हा शब्द खुशाल काढावा. त्या जागी तो कोणता शब्द घालणार, माल की प्रसाद, एवढे त्याने मला सांगावे.

हे सर्व मी आमच्याकडे काम करणाऱ्या सुतारकाकांना एकदा सांगत बसलो होतो. साठी उलटलेला माणूस. माझ्या घराचे दरवाजे त्यांच्या वडिलांच्या हातचे. त्यांनी समोरची प्लायवुडची फळी उलटी करून मला तिच्यावरचा शिक्का दाखवला. एमआर असे लिहिले असेल तर दमटपणाला टिकणारी, धंद्यात जिला कमर्शियल म्हणतात ती, बहुधा युरियाच्या राळेची. बीडब्ल्यूआर असेल तर पाण्याला जास्त टिकणारी, बहुधा फिनॉलच्या राळेची. त्याच्याही वर मरीन. किती वायू सुटतो ते सांगणारी ई-१, ई-० अशी अक्षरे काही कारखाने आता छापतात. या फळीवर ती नव्हती. काकांनी शिक्क्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "मास्तर, पाण्यान फळयेचा काय होता, ता हंय लिवलला आसा. फळयेन माझा काय होता, ता खंय लिवलला आसा?"

त्यांचा हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्याला जसाच्या तसा लिहून कळवला आहे. फळी कापताना ते तोंडाला पंचा बांधतात, हेही लिहिले आहे.